खंदकाच्या आतली गिरणी



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही "बेल्जममधला एक भुईकोट किल्ला" असे कळविले. त्यांचे उत्तर आले, की आपण कामगार-चळवळीतले; तेव्हा बोनसवर किंवा नव्या कामगार-संहितांवर बोलाल अशी श्रोत्यांची अपेक्षा असणार. आम्ही कळविले, की बोनसवर आम्ही वर्षाचे तीनशे दिवस बोलतोच, एक दिवस किल्ल्यावर बोलू द्या. शिवाय त्या किल्ल्यात एके काळी सूतगिरणी होती. तेवढ्यावर चालक राजी झाले.

आरंभीच एक कबुली देऊन टाकतो. आम्ही इतिहासाचे पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत संपली आणि चौदाव्या वर्षी आम्ही सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरू लागलो. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. तेथे प्रथम गेलो ते ज्ञानासाठी नव्हे. उन्हाळ्याचे दिवस होते आणि वाचनालयात पंखा होता. पंख्याखाली नुसते बसू देत नाहीत म्हणून पुस्तक हातात धरावे लागे, आणि पुस्तक धरले की दोन ओळी वाचल्या जात. असे आमचे विद्यापीठ. त्यामुळे सनावळीत कोठे चूक झाली तर समोर बसलेल्या शिक्षक-मंडळींनी मागाहून कान धरावा.

कापड-कामगारांच्या एका परिषदेसाठी आम्हांला ब्रसेल्सला जाण्याचा योग आला. परिषदेत काय झाले ते सांगत बसत नाही. ठराव झाले, जेवणे झाली. शेवटचा दिवस मोकळा होता. बरोबरचे दोघे घरच्यांसाठी चॉकलेटे घ्यायला बाजारात गेले आणि आम्ही गेंटची आगगाडी धरली. अर्ध्या तासाचा प्रवास. गेंटच का, तर लहानपणापासून "अमुक गाव म्हणजे तिकडचे मँचेस्टर" असे ऐकत आलो आहोत. इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात, अहमदाबादला हिंदुस्थानचे म्हणत, आणि गेंटला युरोप खंडाचे म्हणत. खुद्द मँचेस्टर पाहण्याचे नशिबात नव्हते. निदान एक चुलतभाऊ तरी पाहावा, एवढाच हेतू.

स्टेशनावर तिथल्या संघटनेचा एक निवृत्त विणकर आमची वाट पाहत उभा होता. वय सत्तरीच्या पुढचे. त्याचे इंग्रजी मोडके, आमचे त्याहून मोडके. त्यामुळे आमचे उत्तम जमले. ट्रॅममधून उतरलो आणि समोर पाहिले तर भर वस्तीत, दुकानांच्या आणि खानावळींच्या रांगेत, एखादा काळा हत्ती रस्त्यात बसावा तसा किल्ला बसलेला. त्याचे नाव ग्राव्हेनस्टेन. 'ग्राव्ह' म्हणजे काउंट, आपल्याकडचा मोठा सरदार समजा. आणि 'स्टेन' म्हणजे दगड. काउंटाचा दगडी वाडा, असा सरळ अर्थ.

आपल्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ला म्हटला की डोंगर येतो. रायगड, राजगड, दम लागणे, वाटेत ताकवाली. पण आम्ही सोलापूरचे. आमच्या गावचा किल्ला सपाट जमिनीवर, सिद्धेश्वराच्या तळ्याला लागून, भोवती खंदक. त्यामुळे गेंटचा किल्ला पाहून आम्हांला परके वाटलेच नाही. तीच युक्ती: डोंगर नाही तर पाणी आडवे घाला. तेथे लेये नदीचे पाणी खंदकात घेतले आहे. त्या दिवशी त्यात बदके पोहत होती आणि काठावर एक आई मुलाला बिस्किट भरवत बसली होती. शत्रूला बुडवण्यासाठी खणलेले पाणी इतके गरीब झालेले पाहून मौज वाटली.

आता थोडा इतिहास. हा किल्ला ११८० साली फ्लँडर्सचा काउंट फिलिप याने बांधला. दरवाज्यावर लॅटिन शिलालेख आहे, आणि वर क्रुसाच्या आकाराचे एक भोक ठेवलेले आहे. फिलिप ११७७ साली क्रुसेडच्या यात्रेवर पॅलेस्टाइनला जाऊन आला होता, त्याची ती खूण असे सांगतात. तिकडचे मोठमोठे किल्ले त्याने डोळ्यांनी पाहिले असणार. पुढे तो पुन्हा क्रुसेडवर गेला आणि ११९१ साली एकरच्या वेढ्यात वारला. तटबंदी अंडाकृती, तिच्यावर ठराविक अंतराने पुढे आलेले छोटे बुरूज, असे चोवीस. मध्यभागी सुमारे तीस मीटर उंचीचा मुख्य वाडा. दगड तूर्नेच्या खाणीतला, करड्या-निळ्या रंगाचा, स्खेल्डा नदीतून नावांनी आणलेला.

पण हा किल्ला बांधला कोणाविरुद्ध? खंदक असतो तेव्हा हा प्रश्न विचारावा. आम्हांला वाटले होते, परचक्राविरुद्ध असेल. आमच्या विणकर मित्राने मान हलविली आणि बोटाने बाहेरच्या रस्त्याकडे दाखविले. शहराविरुद्ध! गेंटचे व्यापारी लोकरीच्या कापडावर गबर झाले होते. त्यांनी स्वतःचे दगडी वाडे उठवले होते आणि ते काउंटाला मोजीनासे झाले होते. त्यांची मान खाली करावी म्हणून त्यांच्या छातीवर हा दगड ठेवला. म्हणजे असे पाहा, की गावातल्या सावकाराने घर बांधले ते नदीच्या पुरापासून बचाव व्हावा म्हणून नव्हे, तर कुळांना आपल्या गच्चीवरून दिसत राहावे म्हणून.

आणि कुळे तरी कशी! गेंटच्या विणकरांसारखे भांडखोर विणकर पृथ्वीच्या पाठीवर क्वचित झाले असतील. त्यांची लोकर इंग्लंडातून येई. १३३६ साली इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाने फ्रान्सच्या भांडणात फ्लँडर्सला जाणारी लोकर बंद केली. माग थांबले, माणसे रस्त्यावर आली. काउंट होता फ्रान्सच्या बाजूचा, आणि पोटे होती इंग्लंडच्या लोकरीवर. तेव्हा १३३८ साली याकोब व्हान आर्टेव्हेल्डे नावाच्या पुढाऱ्याने शहराची सत्ता हाती घेतली, एडवर्डशी संधान बांधले आणि लोकर सुरू करून घेतली. काउंटाला शेवटी फ्रान्सला पळून जावे लागले. आज शुक्रवारच्या बाजारचौकात, होय, तिथेही आपल्या पेठांसारखा शुक्रवारचा बाजार आहे, या आर्टेव्हेल्डेचा पुतळा हात पुढे करून उभा आहे.

ही झाली अभिमानाची गोष्ट. पण त्याच चौकात १३४५ सालच्या २ मे या दिवशी दुसरी एक गोष्ट घडली, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. विणलेले लोकरी कापड घट्ट व्हावे म्हणून ते हौदात घालून पायांनी तुडवावे लागे. हे तुडवणारे कामगार वेगळे, त्यांचा संघ वेगळा, आणि मजुरी विणकरांहून कमी. त्यांनी मजुरीवाढ मागितली. विरोध कोणी केला? विणकरांनी! दोघे शस्त्रे घेऊन चौकात उतरले, विणकरांनी तुडवणाऱ्यांची कत्तल केली. गेंटच्या लोकांनी त्या दिवसाला 'वाईट सोमवार' असे नाव दिले. आणि दोनच महिन्यांनी खुद्द आर्टेव्हेल्डेला विणकरांच्या जमावानेच ठार मारले. आम्ही तीस वर्षे चळवळीत काढली. दोन लाल बावटे एका फाटकावर एकमेकांच्या काठ्यांनी फाटलेले आम्ही पाहिले आहेत. कायम कामगारांनी बदली कामगारांना सभेत मागे बसवलेले पाहिले आहे, आणि त्या कायम कामगारांत आमचे वडील होते. तेव्हा वाईट सोमवार हा काही फक्त गेंटच्या पंचांगात नाही.

गेंटचे हे भांडण राजांशीही चालले. सम्राट पाचवा चार्ल्स हा मूळचा गेंटचाच, किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावरच्या राजवाड्यात १५०० साली जन्मलेला. पण फ्रान्सबरोबरच्या लढाईसाठी त्याने मागितलेला कर गावाने नाकारला आणि बंड केले, तेव्हा १५४० साली तो फौजेनिशी आला. पुढाऱ्यांचे शिरच्छेद झाले. उरलेल्या संघप्रमुखांना अनवाणी, गळ्यात फाशीचा दोर अडकवून, त्याच्यापुढे क्षमा मागायला चालविले. गंमत पाहा, गेंटचे लोक आजही स्वतःला 'दोरवाले' म्हणवून घेतात आणि उन्हाळ्याच्या उत्सवात गळ्यात दोर घालून मिरवणूक काढतात. अपमानाची माळ करून घालणे हे सर्वांना जमत नाही.

त्याच शिक्षेत एक कलम असे होते, की शहराच्या मनोऱ्यातली 'रोलांट' नावाची मोठी घंटा खाली उतरवावी. हे वाचून आम्ही तिथल्या तिथे थांबलो. घंटेने राजाचे काय वाकडे केले होते? पण मग ध्यानात आले. घंटा वाजली की गाव जमत असे. फ्लँडर्सच्या कापड-गावांत चौदाव्या शतकापासून कामाच्या वेळेचीही वेगळी घंटा असे, कामावर चला आणि काम थांबवा हे सांगणारी. थोडक्यात, भोंगा. आणि भोंगा गेला की गावाचे काय होते हे सोलापूरच्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको. आमची गिरणी बंद पडली तेव्हा पहिले काही महिने आमची आई पहाटे दचकून उठे. वाजलेल्या आवाजाने नव्हे, न वाजलेल्या.

असो. किल्ल्यात परत येऊ.

काउंट लोक येथे १३५३ पर्यंत राहिले. मग थंडी आणि अंधार यांना कंटाळून ते सुखाच्या राजवाड्यात गेले, आणि किल्ल्याला नोकरी लागली. टांकसाळ झाली, न्यायकचेरी झाली, तुरुंग झाला. फ्लँडर्सचे वरिष्ठ न्यायमंडळ १४०७ पासून १७७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पावणेचारशे वर्षे, याच भिंतींत बसत होते. त्यामुळे संग्रहालयात छळाची हत्यारे पुष्कळ. खिळ्यांचे पट्टे, अंगठे चिरडण्याचे स्क्रू, बेड्या, आणि एका दालनात गिलोटीन. शाळेची मुले तेथेच सर्वांत जास्त गर्दी करतात. मास्तरीणबाई पुढच्या दालनात चला म्हणून ओरडत होत्या आणि मुले हलत नव्हती. आम्ही तेथे फार थांबलो नाही. काउंटाचा शौचकूपही दाखवतात, भिंतीतून बाहेर काढलेला, खाली थेट पाणी. तेवढे मात्र निरखून पाहिले, कारण वाड्यात शिरल्यापासून मालक हा माणूस होता याचा पहिला पुरावा तोच मिळाला.

प्रत्येक पाहुण्याच्या कानाला लावायला एक यंत्र देतात आणि त्यात एक विनोदी कलाकार सगळा इतिहास खुसखुशीत भाषेत सांगत असतो. लोक हसत हसत फिरतात. आम्हांला प्रथम हे बरे वाटेना; पण पाऊणशे पाहुणे गुपचूप आठशे वर्षांचा इतिहास ऐकत जिने चढत आहेत हे पाहून मत बदलले. आपल्याकडच्या किल्ल्यांवर एवढे जरी झाले तरी भिंतींवर नावे कोरणारांची संख्या निम्मी होईल.

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच, त्या गिरणीकडे वळतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस न्यायमंडळ गेले आणि किल्ला खाजगी मालकीत गेला. त्याच सुमारास गेंटमध्ये एक मोठी चोरी आली. आली म्हणतो, कारण चोरी झाली इंग्लंडात. कापूस कातण्याचे 'म्यूल-जेनी' यंत्र तेव्हा इंग्लंडची मिरास होती. ते देशाबाहेर नेण्यास सक्त मनाई होती. गेंटच्या एका चामडेवाल्याचा मुलगा, लीव्हेन बाउवेन्स, याने १७९८ साली त्या यंत्राचे भाग सुटे करून, साखर आणि कॉफीच्या मालात दडवून म्हणतात, समुद्रापार आणले. बरोबर इंग्रज कारागीरही फोडून आणले. इंग्लंडने त्याला डोक्यावर शिक्षा ठोठावली, गेंटने त्याला नगराध्यक्ष केले! पुढे नेपोलियनबरोबर त्याचेही दैव फिरले आणि १८२२ साली तो पॅरिसमध्ये दिवाळखोरीत वारला. पण यंत्र राहिले. पाहता पाहता गेंटमध्ये गिरण्या उभ्या राहिल्या, आणि जाड भिंतींची रिकामी जागा कोणाला नको असते? एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काउंटाच्या किल्ल्यात सूतगिरणी सुरू झाली. धातुकामाचा कारखानाही आला. ज्या दालनात सरदारांच्या पंगती झडल्या तेथे चात्या फिरू लागल्या. आणि तटाच्या आत, भिंतींना पाठ लावून, कामगारांची बिऱ्हाडे उभी राहिली.

गेंटमध्ये अशा वस्तीला 'बेलाउक' म्हणतात. एक अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना एकेक खोलीची घरे, बोळाचे तोंड एकच, पाण्याचा पंप सामायिक, शौचकूप सामायिक. आमच्या मित्राने शब्द समजावून सांगायला सुरुवात केली, आणि आम्ही म्हणालो, "थांबा, पुढचे आम्ही सांगतो." आम्ही आमच्या चाळीचे वर्णन केले. नळावरची भांडणे, एका कडीला लावलेली दोन घरांची कुलपे, पाळीवरून आलेल्या माणसाने झोपण्यासाठी पाळीवर जाणाऱ्याचे अंथरूण घेणे. तो नुसती मान हलवीत राहिला. त्याची पणजी अशाच एका बेलाउकात जन्मली होती.

१८४५ साली मारेस्का आणि हेमान या दोन डॉक्टरांनी गेंटच्या कापूस-कामगारांची पाहणी करून एक मोठा अहवाल छापला. कामाचे तास, खाणे, राहणे, फुप्फुसांत जाणारा कापसाचा तंतू, लहान मुले, सगळे. बारा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात लावू नये एवढा साधा कायदा व्हायला बेल्जममध्ये मात्र १८८९ साल उजाडले. आपण हसू नये. आपल्याकडचा १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा सात वर्षांखालच्या मुलांना मनाई करून थांबला होता. म्हणजे सात वर्षे पूर्ण झालेले पोर चालत होते.

धाग्याचे एक टोक आपल्यापर्यंत येते ते येथे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस अडला, आणि गेंटच्या गिरण्यांत उपासमार आली. त्याच वर्षांत हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ सालची. पण गिरणगाव वाढला तो त्या पुरानंतर. गेंटच्या विणकराच्या घरी ज्या वर्षी चूल पेटली नाही त्या वर्षी मुंबईच्या शेटजींनी हवेल्या बांधल्या. ना विणकराला शेटजी माहीत, ना शेटजीला विणकर.

याच गेंटमध्ये १८५७ साली विणकरांनी आपला संघ काढला, बेल्जममधल्या पहिल्या कामगार-संघांपैकी एक. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी-कामगारांची सभा भरविली ती १८८४ साली. १८८० च्या सुमारास एडवर्ड आन्सेले आणि त्यांच्या सोबत्यांनी 'फोरआउट' म्हणजे 'पुढे' या नावाची सहकारी संस्था काढली. आरंभ कशाने केला? भाषणांनी नव्हे, भाकरीच्या भट्टीने. स्वस्त पाव विकला, त्या नफ्यातून दवाखाना, वाचनालय आणि पुढे नाट्यगृहसुद्धा उभे केले. ते नाट्यगृह आजही उभे आहे.

हे सगळे मनात घेऊन आम्ही किल्ल्यात गिरणीच्या खुणा शोधू लागलो. जिने चढलो, तळघरात उतरलो, तटावरून प्रदक्षिणा घातली. कानातल्या यंत्रात गिरणीचा उल्लेख आहे, नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण डोळ्यांना काही दिसेना. एक चाती नाही, पट्ट्याच्या चाकाचा डाग नाही, चुलीच्या धुराने काळा पडलेला दगड नाही. शेवटी मित्राला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "साफ केले."

झाले असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणी गेली, किल्ल्याची दशा झाली, पाडून टाकण्याच्या गोष्टी निघाल्या. त्याच वेळी काही सुजाण लोकांना जुन्या वास्तूंचे प्रेम फुटले. सरकारने आणि शहराने किल्ला टप्प्याटप्प्याने विकत घेतला. १८९३ पासून १९०३ पर्यंत योसेफ दे वाले या शिल्पकाराच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार चालला, आणि १९०७ साली किल्ला लोकांना खुला झाला. १९१३ साली गेंटला जागतिक प्रदर्शन भरले तेव्हा हे शहराचे भूषण म्हणून मिरवले गेले. जीर्णोद्धार म्हणजे काय, तर किल्ला काउंट फिलिपच्या वेळी जसा असावा असे वाटले तसा केला. भिंतींना चिकटलेली घरे उतरवली, गिरणीच्या जोडण्या काढल्या, आणि जेथे जुने सापडले नाही तेथे जुने वाटेल असे नवे बसवले. सपाट छपरे आणि पूर्वेकडच्या इमारतीच्या काही खिडक्या मुळात तशा नव्हत्याच, असे जाणकार सांगतात.

आम्ही त्या शिल्पकाराला दोष देत नाही. तो नसता तर तेथे आज एखादे दुकानांचे संकुल असते आणि आम्ही पाहायला गेलोच नसतो. पण त्याने दोन काळांतून एक निवडला. काउंटाची पावणेदोनशे वर्षे ठेवली, सूत कातणाऱ्यांची पाऊणशे वर्षे झाडून टाकली. फिलिपची खरी खिडकी सापडली नाही तर खोटी बसवली. आणि कातणारणीची खरी खोली होती, ती काढली.

तेवढ्यात मित्राने आम्हांला माथ्यावर नेले. वारा असा की टोपी धरावी लागली. समोर गेंटचे तीन मनोरे एका ओळीत, त्यांतला मधला घंटेचा. तेथे त्याने एक गोष्ट सांगितली, ती आपल्यालाही आवडेल. १९४९ साली १६ नोव्हेंबरला गेंटच्या १३८ विद्यार्थ्यांनी हा किल्ला जिंकला! पाहुणे म्हणून आत शिरले, जाळीचा दरवाजा खाली सोडला आणि तटावरून पोलिसांवर सडकी फळे फेकली. मागणी कोणती? बिअरवरचा कर कमी करा. शिवाय पोलिसांच्या डोक्यावरची पांढरी शिरस्त्राणे बदलली, याचाही निषेध. पोलिसांना शेवटी अग्निशामक दलाच्या शिड्या लावून किल्ला सर करावा लागला. खटला झाला नाही. गाव विद्यार्थ्यांच्या बाजूचे होते. आम्ही मित्राला विचारले, की त्या दिवशी तुमच्या गिरण्यांत संप वगैरे झाला का? तो म्हणाला, नाही, पण पुष्कळांनी फळे पुरवली असती.

किल्ल्यातून निघून आम्ही दहा मिनिटे चालत एका जुन्या सूतगिरणीकडे गेलो. तेथे आता उद्योगांचे संग्रहालय आहे. बाउवेन्सच्या काळातली म्यूल-जेनी तेथे ठेवलेली आहे, लाकडी, आमच्या कल्पनेहून पुष्कळ नाजूक. एका मजल्यावर एक पोक्त बाई पाहुण्यांना यंत्रमाग चालवून दाखवत होती. मागाचा आवाज सुरू झाला आणि आमचे पाय आपोआप बाजूला झाले, धोट्याच्या वाटेत उभे राहायचे नसते ही चौदाव्या वर्षीची शिकवण. तिने ते पाहिले. तिने माग थांबवला, एक धागा मुद्दाम तोडला आणि आमच्याकडे पाहत उभी राहिली. आम्ही तो सांधला. तिने बोटांनी ओढून पाहिला, मान डोलावली आणि माग पुन्हा सुरू केला. एक शब्द बोलणे झाले नाही. झाले असते तरी ऐकू आले नसते.

परतीच्या गाडीत आम्हांला आमची स्वतःची गोष्ट आठवत राहिली, आणि ती येथे सांगावी की नाही याचा आम्ही दोन दिवस विचार केला. ज्या गिरणीत आमचे वडील साचेवाले होते ती बंद पडली तेव्हा कामगारांच्या बाजूने वाटाघाटीला बसलेल्यांत आम्ही होतो, वयाने सर्वांत लहान. गिरणी कोणती, मालक कोण, हे सांगत नाही; तो मुद्दा नव्हे. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, फंड यांवर आम्ही सात महिने भांडलो, पै-पै मोजून घेतली, आणि आम्हांला त्याचा अभिमान आहे. शेवटच्या बैठकीत कागद पुढे आला: यंत्रसामग्री भंगारात, इमारती पाडायच्या, जागा मोकळी. "यावर काही हरकत?" असे विचारले. एका म्हाताऱ्या साचेवाल्याने हात वर केला आणि म्हणाला, "एक साचा तरी ठेवा. पोरांना दाखवायला." आम्ही त्याला खाली बसवले. आम्ही म्हणालो, "दादा, साचा घेऊन काय चाटायचा आहे? देण्याचे बोला." सगळे हसले. आम्ही सही केली.

तेव्हा किल्ल्यातली घरे उतरवणाऱ्या त्या शिल्पकारावर आम्ही कोणत्या तोंडाने रागवावे? त्याने परक्यांची खोली काढली. आम्ही आमच्या बापाचा साचा भंगारात घातला, आणि तोही विनोद करून. तो म्हातारा पुढे तीन वर्षांनी गेला. त्याच्या मयतीला आम्ही गेलो होतो. पण त्याच्याशी त्या विषयावर बोलणे राहिले ते राहिलेच.

बेल्जमहून परत आल्यावर आम्ही युनियनच्या कचेरीतले एक लोखंडी कपाट रिकामे केले. जुन्या पावत्या एका खोक्यात गेल्या. त्या कपाटात आजवर जमलेले असे: धोटे नऊ, त्यांतले दोन फुटके. पितळी बिल्ले एकतीस. हजेरीची कार्डे एका पिशवीभर. चाळीच्या सामायिक नळाची तोटी एक. कामावर जाताना बायकांनी भाकरी बांधायच्या फडक्यांपैकी एक, गिरणीच्याच कापडाचे. आणि भोंग्याच्या दोरीचा हातभर तुकडा. ज्याने तो आणून दिला त्याने तो कोठून मिळवला हे आम्ही विचारले नाही. जे आणून देतात त्यांचे नाव, खाते आणि पाळी आम्ही एका वहीत लिहून घेतो. मुकादमांचेही लिहून घेतो, आणि बदली कामगारांचे आधी लिहितो.

आपल्यापैकी ज्यांच्या माळ्यावर, पेटीत किंवा देव्हाऱ्यामागे असे काही पडले असेल त्यांनी ते फेकण्यापूर्वी आम्हांला कळवावे. या मंडपाच्या दाराशी आमचा एक सहकारी वही घेऊन बसला आहे. ज्यांना बोनसवर काही विचारायचे असेल त्यांनीही त्याच्याकडेच प्रश्न लिहून द्यावेत. त्याचे अक्षर आमच्यापेक्षा चांगले आहे.